घोटभर घ्या न वो बाई

...नाही, नवस बोलायला माझी कधीच ना नसते हो, पण बोलून बोलून बोलले कशाचा, तर चहाचा! तुम्हाला सांगते, केळझरच्या गणपतीसमोर हात जोडून उभी होते, मागे ही एवढी रांग, पुजारी म्हणतोय "चला ताई, पुढं चला", मागची बाई माझ्या पाठीत नारळ टोचते आहे, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "देवा, माझी नंदिनी माझ्या घरी येऊन, माझ्या गॅसवर, तिच्या हातानं चहाचा गंज ठेवत नाही, तोवर मी चहाला शिवणार नाही." झालं! बोलले! आता देवासमोर बोललेलं काही परत घेता येते का? साडी थोडीच आहे ती, रंग आवडला नाही म्हणून बदलून आणायला! बाहेर आले तर पायऱ्यांखाली पहिलंच दुकान चहाचं. आलं कुटत होता तो माणूस. तो वास! मी तिथेच पायरीवर बसले आणि म्हटलं, जया, हे काही तू बरं केलं नाहीस.

तशी मी नवसाला नवी नाही. सोळा सोमवार झाले, संकष्टी सुटत नाही, नंदिनीच्या बारावीसाठी वांगी सोडली, ह्यांच्या हर्नियासाठी भेंडी सोडली. आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, ताटाकडे बघून म्हणायचे, "आता पुढच्या नवसात वरणाला तेवढा हात लावू नको, मी जगणार कशावर?" पण खरं सांगू का, वांगं मला कधी आवडलंच नाही. आणि माझी आई सांगायची, देवाले नावडतं देऊन चालत नाई पोरी, त्याले सारं समजते. मग म्हटलं, आवडतं काय आहे आपलं? एकच. सकाळी उठल्याबरोबर चहा, आंघोळीनंतर चहा, कोणी आलं की चहा, कोणी गेलं की "गेले बाई एकदाचे" म्हणून चहा!

आणि आईचा दुसरा नियम याहून कडक. "नवस देवाले सांगाचा, माणसाले नाई. माणसाले सांगितला का त्यातला अर्धा जीव निघून जाते." म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही; मी चहा सोडलेला ह्यांनी पाहिला, आपला आपण करून घ्यायला लागले, पण का ते ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. आज तुम्हाला सांगते आहे, ते तो मोडला म्हणून. मोडलेल्या नवसाचं काय झाकून ठेवायचं?

तर नंदिनी. माझी एकुलती एक. पुण्याला नोकरीला, आणि तिथेच तिनं पसंत केला अंकुश. मुलगा गुणी हो, बोलायला मऊ, आणि घर कुठलं, तर सिंदी मेघेचं! आम्ही बोरगाव मेघेला. आमच्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते, मधली कडुनिंबाची झाडं पानगळीला आली की तर वाळत घातलेले कपडेसुद्धा. एवढं जवळ! पण आमच्या ह्यांचं एकच, "ते आपल्यातले नाहीत." तरी नंदिनीनं हट्ट केला म्हणून एकदा गेलो त्यांच्याकडे. अंकुशची आई, आनंदाबाई, बिचारीनं नवे कप काढले होते, एका कपाच्या बुडाशी दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. ट्रे समोर आला. माझा हात कपाकडे गेलासुद्धा होता. आणि हे म्हणाले, "आम्ही चहा घेत नाही."

आम्ही चहा घेत नाही! जो माणूस मयतीला गेला तरी चहा कुठे मिळेल ते आधी बघतो, तो म्हणतो आम्ही चहा घेत नाही! आणि थोडा वेळ पावसापाण्याचं बोलून उठले. हे उठले म्हणजे मला उठावंच लागलं. दारातून मी मागे वळून पाहिलं, तर ट्रे तसाच, कप तसेच, आणि कपांवर साय धरली होती... जाड, सुरकुतलेली. आनंदाबाई त्या सायीकडे बघत होत्या. आणि नंदिनी त्यांच्याकडे.

पोरीनं काही भांडण केलं नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं. कोर्टात सही करून मोकळी झाली. आता दिवाळीला दोघं येतात, सिंदी मेघेला. आकाशकंदील लागतो, मी गच्चीवरून बघते. इकडे येत नाही. मी एकदा फोनवर म्हटलं, "अगं, बाबा दुपारी झोपतात, तेव्हा ये." तर म्हणाली, "आई, बाबा ज्या घरचा चहा घेत नाहीत, त्या घरची सून तुमच्या घरी चोरून कशाला येईल?" पण दर रविवारी फोन मात्र करते, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, लहानपणापासूनचं, "आई, चहा झाला का?" शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि हेच विचारायची, नाही म्हटलं की स्वतः करायची, अंगणात तिनंच लावलेला गवती चहा आहे, त्याची दोन पाती तोडून, गाठ मारून गंजात, म्हणजे चहाच्या पातेल्यात, टाकायची. "आई, चहा झाला का?" आणि नवसानंतर मी दर रविवारी काय सांगायचं? "झाला गं." देवासाठी पोरीशी खोटं!

आणि हे? हे सिंदी मेघेच्या रस्त्यानं जात नाहीत! बँकेत जायचं तरी ऑटो लांबून फिरवून नेतात. ऑटोवाला म्हणते, "काका, सिंदी मेघेवरून जवळ पडते न!" हे म्हणतात, "मला लांबूनच जायचं आहे!"

आता अशा घरात किती बसणार बाई? घर खायला उठते. समोरची अंगणवाडीवाली एक दिवस म्हणाली, "काकू, विद्यापीठाचा प्रकल्प आला आहे, चुलीच्या धुरानं बायांच्या छातीचं काय होते ते बघणार आहेत, गावोगाव जाऊन बायांशी बोलणारी बाई पाहिजे." मी म्हटलं, मला काय येते? ती म्हणाली, "बोलता येते न?" गेले. तिथल्या प्रेरणा मॅडम, मॅडम कसल्या, नंदिनीच्याच वयाची पोरगी, नाशिककडची, केस वर बांधून त्यात पेन खोचलेला. म्हणाली, "काकू, अनुभव काय आहे?" मी म्हटलं, "माझ्या हळदीकुंकवाला अख्खी कॉलनी येते. जी येत नाही तिला मी घरी जाऊन आणते. रुसलेली असली तरी." तिनं शेजारच्या सरांना टाळीच दिली! कामाचं नाव काय, तर कम्युनिटी एंगेजमेंट. घरी येऊन सांगितलं, तर हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "एंगेजमेंट? कोणाची?" ...आणि पेपर पुन्हा वर गेला. आमच्या घरात झालीच नाही ना ती.

आणि ट्रेनिंगचा पहिला दिवस, ऐका हं! प्रेरणा मॅडम फळ्यासमोर उभी राहून सांगते, "पहिल्या भेटीत काही विचारायचं नाही. मशीनचं नाव काढायचं नाही. नुसतं बसायचं, त्यांचं ऐकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं..." मी कान टवकारले. "...त्यांनी दिलेला चहा घ्यायचा."

अरे देवा! केळझरहून येऊन मला आठवडा नव्हता झाला!

तुम्ही आमच्या वर्ध्याकडच्या कोणत्याही गावात जा. सकाळी जा, भर उन्हात जा, बाई कापूस वेचून नुकती टेकली असेल, घरात साखर नसेल, ती पोराला शेजारी पिटाळेल, पण तुम्ही दारात दिसलात की पहिलं वाक्य एकच. "घ्या न वो बाई, घोटभर!" आता काय सांगायचं? नवस सांगायचा नाही. मग बहाणे! पहिल्या गावात म्हटलं, मले अ‍ॅसिडिटी आहे. लगेच पेलाभर थंड दूध आलं. दुसऱ्या गावात म्हटलं, शुगर आहे. ते रूपरावांचं घर. त्यांच्या बायकोनं कारल्याचा रस काढून आणला. अहो, रस म्हणजे काय, हिरवंगार विष! आणि समोर उभी राहिली कमरेवर हात ठेवून, "प्या, प्या, माह्या जावेची शुगर यानंच गेली." प्यायले. नंतर दर खेपेला तो रस माझी वाट बघत तयार! तिसऱ्या गावात म्हटलं, आज उपास आहे. सगळ्या हसल्या, "उपासाले तं चहा चालते न वो बाई! उपास आहे म्हणूनच घ्या!" बरोबर आहे त्यांचं, मी स्वतः आयुष्यभर उपासाला चहाच पीत आले!

आणि मला वाटलं, गावं वेगळी, कोणाला काय कळते? पण सेलूचा बाजार सगळ्यांचा एकच हो! तिथं बाया भेटल्या. एक म्हणते, त्या युनिव्हर्सिटीच्या बाईले शुगर हाय. दुसरी म्हणते, नाई व, अ‍ॅसिडिटी हाय. तिसरी म्हणते, मले तं म्हने डॉक्टरनं मना केलं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, "बाईच्या अंगात सारेच रोग हाय, अन आपली छाती तपासाले येते!"

त्यातून ते मशीन. एक नळी असते, तिच्यात जोर लावून फुंकायचं, छातीत किती दम आहे ते कळते. बाया म्हणायच्या, "जल्मभर फुंकणी फुंकली, आता तुमची बी फुंकू का?" एक म्हणाली, "आमचा श्वास घेऊन युनिव्हर्सिटी करन काय त्याचं?" मी म्हटलं, "घेत नाही माय, मोजते." ती म्हणाली, "मोजून परत देते न?" तरी हळूहळू येत होत्या. हसत, एकमेकींना ढकलत, येत होत्या.

नाही आला तो एक टोला.

हिंगणीच्या पुढं, जंगलाला लागून आहे ही छोटीशी वस्ती. गोंडांची घरं, अंगणं अशी सारवलेली की चप्पल लांब काढून जावंसं वाटते. तिथं शब्द चालतो गंगाबाईचा. गंगाबाई हो म्हणाली की टोला हो म्हणणार, ती नाही तर कोणी नाही. तिचा नवरा कवडूभाऊ, शांत माणूस, भिंतीला टेकून बसलेला. आणि सून अंजू, पोटुशी, नाजूकशी, आणि तिला असा खोकला हो... चुलीसमोर बसली की खोकायची, पदर तोंडात कोंबायची, पुन्हा फुंकणी उचलायची. लाकूड ओलं, खोलीला खिडकी नाही. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा वाटायचा. माझी तिकडे पुण्यात खोकली तर कोण फिरवते, कोणाला माहीत.

पहिल्या दिवशी गंगाबाईनं चहा केला. "घ्या न वो बाई, घोटभर." मी म्हटलं, मले चालत नाई. तिनं काही विचारलं नाही. कप उचलून कवडूभाऊंना दिला. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. माझ्या वाट्याचा चहा कवडूभाऊंच्या वाट्याला, कवडूभाऊ खूश! मी येताना दिसले की ते आधीच सरसावून बसायचे! मी पिशवीतून माझी बाटली काढून पाणी प्यायचे, मॅडमनंच सांगितलं होतं, उन्हाचं पाणी जवळ ठेवा. तिसऱ्यांदा गेले, तर गंगाबाई म्हणाली, "बसा." बसले. चुलीवर गंज चढलाच नाही. मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं! म्हटलं, चला, समजल्या बाई, बहाणा वाचला!

मग रविवारी शिबिर. शाळेच्या वऱ्हांड्यात, रविवारी शाळा रिकामी असते म्हणून. डॉक्टर आले, मशीन मांडलं, प्रेरणा मॅडम रस्त्याकडे डोळे लावून उभी. टोल्यावरून कोणी नाही. ऊन चढलं, तरी कोणी नाही. डॉक्टर कंटाळून स्वतःच नळीत फुंकून बघत होते. प्रेरणा मॅडम माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्याकडे चहा घेतला होता ना?"

मी म्हटलं, "बघून येते."

गंगाबाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "गंगाबाई, आल्या नाही तुम्ही? अंजूला तरी पाठवा हो, तिचा खोकला डॉक्टरला ऐकू द्या." तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, "बाई, एक गोष्ट इचारू?"

"विचारा न."

"तुमी त्या रूपरावाच्या घरी कारल्याचा रस पेता?"

"हो."

"कडू राह्यते न?"

"लय कडू."

आता तिनं सूप खाली ठेवलं. "थे कडू पेता. आमचं गोड नाई पेत."

मी पिशवी मागे सरकवली.

"अन पानी बी बाटलीत घेऊन येता. माही आजी सांगे, मोठ्या घरच्या बाया आपल्या हातचं घेत नाई. मी तिले म्हनो, थो जमाना गेला बुढे. नाई गेला वाटते." रागानं नाही हो बोलली. रागानं बोलली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. दमल्यासारखं बोलली. "जा तुमी. आमची छाती आमच्यापाशीच बरी."

आणि तुम्हाला सांगते, मला तिथं, त्या सारवलेल्या अंगणात, सिंदी मेघेचा ट्रे दिसला. कप दिसले. साय दिसली. मी मनात म्हटलं, जया, ह्यांना तू इतकी वर्षं बोल लावते आहेस, आणि तू काय करते आहेस? तेही देवाच्या नावानं! ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं, गंगाबाई, तुमचं नाही हो, माझा नवस आहे, पोरीसाठी आहे. पण आई आठवली. अर्धा जीव निघून जाते. आणि कोणाच्या नवसातला अर्धा जीव? नंदिनीच्या येण्यातला! ते तिथंच गिळलं.

तेवढ्यात आतून खोकला. गंगाबाई आत बघून गोंडीत काहीतरी ओरडली, तर अंजूचा आवाज आला, "चहाचं शेवटचं इचारून पाह्यतो न, माय." मी दारापर्यंत गेले. आत हा धूर! त्या धुरात ती पोरगी चुलीपुढं उकिडवी बसलेली, जर्मनच्या गंजात चहा उकळतोय, आणि तिनं काय केलं... मोरीजवळच्या बुडख्यातून तोडून आणलेली गवती चहाची पाती घेतली, गाठ मारली, आणि गंजात टाकली.

गाठ मारली हो! अगदी तशीच!

तो वास आला, आणि माझं घर आलं, अंगण आलं, दप्तर आलं, दोन वेण्या आल्या. कप माझ्यासमोर धरून अंजू म्हणाली, "घ्या न वो बाई, घोटभर."

मी मनात म्हटलं, गणराया, एक मिनिट ऐक. ही पोर कोणाची तरी नंदिनीच आहे. हिचा कप मी परत पाठवला आणि माझी घरी आली, तर तिला मी तोंड काय दाखवू? नवस मोडते. दंड काय करायचा तो माझ्या नावावर लिही, पोरीच्या नावावर नको. आणि उंबऱ्यावर बसून प्यायले. दूध नाही, गुळाचा, कोरा, जीभ भाजणारा. इतक्या दिवसांनी! डोळ्यांतून धारा लागल्या. चहाच्या का नंदिनीच्या का नवस मोडल्याच्या, मलाच कळेना.

गंगाबाई वाकून बघायला लागली. "काऊन वो बाई? धूर लागला का?"

"हो," मी म्हटलं. "धूर."

ती हसली! पहिल्यांदा! "आमी जल्मभर या धुरात बसलो, अन तुमी एका कपात रडाले लागल्या!"

मी पदरानं नाक पुसत म्हटलं, "म्हणूनच तर म्हणते, चला तपासून घ्या!" कवडूभाऊ तेवढे भिंतीजवळ हिरमुसले. आज कप त्यांच्याकडे आलाच नाही.

मग काय विचारता! गंगाबाई उठली आणि टोला उठला. पदर खोचून सगळ्या शाळेच्या वऱ्हांड्यात. गंगाबाईनं नळी तोंडात धरली, प्रेरणा मॅडम ओरडते आहे, "अजून, अजून, अजून थोडं!" गंगाबाईनं नळी काढली आणि म्हणाली, "आता का जीव बी फुंकू यात, पोरी?" अंजूची छाती डॉक्टरांनी नीट तपासली, औषध दिलं, वर्ध्याला दाखवायला बोलावलं, आणि सांगितलं की बाळंतपण होईपर्यंत हिनं चुलीपुढं बसायचं नाही. गंगाबाईनं तिथेच निकाल दिला, "मंग थे बसतीन!" आता कवडूभाऊ फुंकणी फुंकतात. फुकटच्या चहाचं असं झालं बघा.

संध्याकाळी वर्ध्याला उतरले, ऑटोत बसले. ऑटोवाल्यानं विचारलं, "बोरगाव न काकू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सिंदी मेघे." माझं तोंड असंच आहे, देवासमोरही ऐकत नाही, ऑटोवाल्यासमोरही नाही! दारात उभी राहिले, कडी वाजवली. आनंदाबाईंनी दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं. बघतच राहिल्या. मी म्हटलं, "चहा घ्यायला आले."

त्या म्हणाल्या, "तुमी तं चहा घेत नाई न?"

लागलं हो. लागायलाच पाहिजे होतं. मी म्हटलं, "द्याल तर घेईन. घोटभर."

आत गेल्या. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग चहा आला, त्याच कपांत. चिठ्ठीवाला कप माझ्याच वाट्याला आला, चिठ्ठी निघून गेली होती, चिकटा तेवढा राहिला होता. पहिला घोट घेतला. साखर... अहो, पाकच होता तो! पण मी पीत गेले. आणि तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. रविवार ना!

"आई, चहा झाला का?"

किती महिन्यांनी मी खरं बोलले. म्हटलं, "झाला. एक झाला, दुसरा पिते आहे."

"दोन दोन? कोणी केला?"

"एक टोल्यावरच्या अंजूनं केला. पात्यांना गाठ मारते ती, तुझ्यासारखी. आणि हा तुझ्या सासूबाईंच्या हातचा. साखर जरा जास्त आहे."

आतून आनंदाबाई ओरडल्या, "जास्त झाली का वो? मले वाटलं, पयल्यांदाच घेऊन राह्यल्या, गोड पाह्यजे!"

तो आवाज फोनमधून पुण्याला पोचला. मी फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे का. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "काय गं? धूर लागला?"

आता पुण्यात, उंचावरचा फ्लॅट, विजेची शेगडी, कसला आला आहे धूर! पण पोरगी म्हणाली, "हो आई. धूर."

"मग कधी येतेस?"

"...बघते."

आता "बघते" म्हणजे काय, ते मला चांगलं कळते. पण आजवर ती चटकन म्हणायची, बघते. या वेळी म्हणायच्या आधी थांबली. तुम्हाला सांगते, मी सध्या त्या थांबण्यावर जगते आहे.

घरी आले, ह्यांना सगळं सांगितलं. नवसापासून सायीपर्यंत. हे पेपरमागे. पेपर खाली न घेताच म्हणाले, "साखर किती होती?" म्हटलं, "पाक होता." म्हणाले, "हं. त्यांना सांगून ठेव, मला शुगर आहे." मी म्हटलं, "म्हणजे जाणार आहात?" तर, "मी कुठे तसं म्हटलं?" असा माणूस! पण अंगणातला गवती चहा, नंदिनीचा, मी महिनोन्‌महिने चहाच केला नाही तर त्याच्याकडे फिरकलेही नव्हते, तो बघितला तर हिरवागार. बुडाशी माती ओली. कोण घालते पाणी? घरात आहोत किती जण? आणि परवा ऑटोवाल्यानं विचारलं, "काका, लांबूनच न?" तर हे म्हणाले, "कुठूनही घे."

अजून गेले नाहीत. नंदिनी अजून आली नाही. कडुनिंबाला पालवी फुटली, आता त्यांच्या गच्चीवरचे कपडेही दिसत नाहीत.

मी पुन्हा केळझरला जाऊन आले. म्हटलं, देवा, जुना मोडला, हा नवा घे. नंदिनी येईपर्यंत ज्या दारात कोणी "घ्या न वो बाई" म्हणेल, तिथला चहा मी परत पाठवणार नाही. कोरा असो, गुळाचा असो, पाक असो. आणि देवाची करणी बघा, आता मला खरंच अ‍ॅसिडिटी झाली आहे! आणि एकही बाई विश्वास ठेवत नाही! रूपरावांची बायको तर आता चहाही देते आणि वर कारल्याचा रसही!

आता म्हणाल, हा नवस आम्हाला का सांगते आहेस, अर्धा जीव निघून जाईल ना? जाऊ द्या. तो अर्धा तुमच्याकडे राहू द्या. म्हणजे असं करा, तुम्हीही हा नेम धरा. फार नाही, माझी नंदिनी येईपर्यंत. कोणाच्याही दारात कोणी कप पुढं केला तर आपल्यातले का त्यांच्यातले, ते बघत बसू नका. घ्या. कोणी सांगावं, पुण्यातल्या एखाद्या दारात तो कप माझीच पोरगी पुढं करत असेल. अर्धा प्या हवं तर, पण तसाच ठेवून उठू नका. साय धरते हो.